पाचशे फुटांत एक मणी

बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत छंदासाठी टेबल? चैनच ती! पण ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० फुटी फ्लॅटच्या चाव्या मिळाल्या आणि माझ्या तिथल्या मैत्रिणीनं जाहीर केलं, 'एका कोपऱ्यात मी काचेचे मणी करणार.' एक्सेल शीट कितीही देखणी केली तरी कानात घालता येत नाही ना!

फंडा सोपा वाटतो. मातीचा लेप दिलेल्या सळईवर वितळलेली काच गुंडाळायची, गरम मणी चांदीच्या वर्खावर लोळवायचा. उघडा वर्ख ज्योतीत जळतो, म्हणून त्यावर पारदर्शक काचेचा थर. मग शेवयांएवढ्या रंगीत काचेच्या काड्यांनी ठिपके, वेली. बनारसच्या कारागिरांची यावर रोजीरोटी चालते.

खरी परीक्षा नंतर. मणी झटपट गार झाला की तडकतो; भट्टीत सावकाश निवावा लागतो. शिवाय टॉवरमध्ये गॅसची ज्योत म्हणजे शेजाऱ्यांच्याही जिवाचा प्रश्न. म्हणून तिला म्हटलं, 'बाई गं, आधी एखाद्या वर्कशॉपमध्ये शीक. हवा खेळती ठेवणं, डोळ्यांना चष्मा, भट्टी, सगळं समजून घे. कोपरा कुठे पळून जात नाही. आता तो तुझाच आहे!'