अकरा महिन्यांच्या करारालाही नोंदणी हवीच

संपादक महोदय,
‘एक जण खोली सोडून गेला, तर उरलेल्यांचा दोष काय?’ हा आपल्या पत्रलेखकाचा सवाल भाबडा आहे. करारावर तिघांच्या सह्या असतील आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम ४३नुसार मालक सगळं भाडं एकाकडूनही मागू शकतो. भाडं भरणाऱ्याने मग इतरांकडून त्यांचा वाटा वसूल करावा. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हे त्यांचं म्हणणंही चूक. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९चं कलम ५५ वाचावं. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे.

आमचा तिसरा सोबती गादी आणि सिलिंडर उचलून एका रात्रीत गेला, चावी खिळ्याला लटकवून. अनामतीतला त्याचा वाटा आम्ही अडवला. पत्रलेखक अशा अडवणुकीला अन्याय म्हणतात. त्याने नोटिशीचा महिना भरला असता, तर पैसे त्याच दिवशी दिले असते.

– एक भाडेकरू, शिवरे (ता. भोर)