वजनकाट्याला ठाऊक असलेले वजन

दिवाळी सरते, साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील रस्त्यांवर अहोरात्र ऊसवाहतूक सुरू होते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, कठड्यांच्या वर पुरुषभर उंच रचलेल्या मोळ्या, मागे दिवा असलाच तर तो चिखलाने माखलेला. हे दृश्य इतके नित्याचे झाले आहे की परगावच्या शाळेत दुचाकीवरून जाणाऱ्या शिक्षकाने आणि सायकलवरून घरी परतणाऱ्या विद्यार्थ्याने हे चार-पाच महिने जीव मुठीत धरून काढावेत, असे जणू ठरूनच गेले आहे. अपघात झाला की दोन दिवस चर्चा होते ती रिफ्लेक्टरची आणि चालकाने लावलेल्या कर्णकर्कश गाण्यांची. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. परंतु या साऱ्याच्या मुळाशी जे आहे, त्या वजनाविषयी कोणी फारसे बोलत नाही.

‘ट्रॅक्टर ओढतो ना, मग बिघडले कुठे?’ हा यावरचा ठरलेला युक्तिवाद. वास्तविक सारी गफलत या ‘ओढतो’ शब्दात आहे. समजा, ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन अडीच टन आहे आणि मागच्या दोन ट्रॉल्यांचे मालासह वीस टन. खालचा गिअर टाकून असा आठपट भार हळूहळू ओढता येतो. यंत्राची करामतच ती आहे. पण थांबवायचे कसे? ट्रॅक्टरचे ब्रेक सामान्यतः मागच्या दोन चाकांवर चालतात आणि अनेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. म्हणजे साडेबावीस टनांचा सारा रेटा अडीच टनांच्या ट्रॅक्टरच्या दोन चाकांनी, रस्त्यावरच्या त्यांच्या पकडीच्या जोरावर, रोखायचा. त्यात रस्त्यावर पाचट पसरलेले असेल तर ती पकडही सुटते. उतारावर मागची ट्रॉली पुढच्या ट्रॅक्टरला ढकलू लागते आणि आडवा वळवते. चढावर याच्या उलट घडते. भार मागे खेचतो, ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात, प्रसंगी उचललीही जातात आणि चालकाच्या हाती फक्त फिरणारे, काहीही न वळवणारे स्टिअरिंग उरते.

हे शास्त्र काही गूढ नाही. अमेरिकेत पिकअप गाडीमागे ट्रेलर जोडून त्यावर मोटारगाडी लादून नेणे ही घरगुती गोष्ट आहे. तिथे पिकअपने स्वतः किती भार वाहावा, गाडी आणि ट्रेलर मिळून एकूण वजन किती असावे, जोडाच्या आकड्यावर किती दाब पडावा, हे सगळे आकडे वेगवेगळे दिलेले असतात. ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भाग जोडावर यावा असा दंडक आहे. तो कमी पडला तर ट्रेलर शेपटीसारखा झोके घेऊ लागतो, जास्त झाला तर गाडीचा मागचा भाग दबून पुढची चाके हलकी होतात. अनेक राज्यांत ३,००० पौंडांहून, म्हणजे सुमारे १,३६० किलोंहून, जड ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक सक्तीचे आहेत. तिकडेही ओढण्याच्या आकड्यांची जाहिरातबाजी चालतेच, आणि त्या आकड्यांवर भाळणारेही असतात. तथापि एका मोटारीचे वजन ओढताना तिथे जो हिशेब करावा लागतो, तो आपल्याकडे त्याच्या दहापट वजन ओढताना कोणी करीत नाही.

कायदा नाही असे मात्र नव्हे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ११३ नुसार नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या मालासह एकूण वजनापेक्षा अधिक वजनाचे वाहन चालवता येत नाही. कलम ११४ नुसार अधिकाऱ्याला असे वाहन काट्यावर नेऊन तोलता येते आणि जादा माल उतरवायला लावता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड सांगितला आहे. पूर्वी अनेक राज्यांनी ठराविक रक्कम भरा आणि जादा माल खुशाल न्या, अशी सोयच करून ठेवली होती. ती कायद्याला धरून नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००५ मध्ये दिला. कलम १९४ चे शब्द तर मुद्दाम लक्षात घेण्याजोगे आहेत. मर्यादा मोडून वाहन चालवणारा जितका दोषी, तितकाच ते चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही दोषी.

आता हे ‘चालवू देणारे’ कोण, ते पाहू. परिवहन खात्याच्या अधिकाऱ्याने रात्री दोन वाजता आडरस्त्यावर उभे राहून ट्रॉल्या तोलाव्यात अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. पण त्यांतली प्रत्येक ट्रॉली पहाटेपर्यंत एका ठिकाणी हमखास तोलली जाते. ते ठिकाण म्हणजे कारखान्याचा काटा. तिथे आधी भरलेले वाहन तोलतात, मग रिकामे, आणि दोहोंतील फरक म्हणजे ऊस. म्हणजे मालासह एकूण वजन, वाहनाचा क्रमांक, तारीख, वेळ, सगळे रोज नोंदले जाते. या काट्यावरून आजवर इतकी आंदोलने झाली, काटामारीच्या तक्रारींवरून भरारी पथके नेमली गेली. पण ती सारी उसाचे वजन कमी दाखवल्याबद्दल. शेतकऱ्यांचा तो संशय गैर होता असे कोण म्हणेल? मात्र तोच काटा दररोज रात्री दुसरेही एक सत्य छापून देतो, आणि ते वाचायला कोणी बसलेले नाही.

चालक किंवा वाहनमालक हाच खलनायक, असे ठरवून मोकळे होणेही सोपे आहे. त्याचा हिशेब जरा पाहावा. ट्रॅक्टर कर्जाने घेतलेला. तोडणीच्या टोळीसाठी मुकादमाला लाखोंची उचल दिलेली, आणि टोळी आलीच नाही तर ती उचल बुडाली. हंगाम मोजक्या महिन्यांचा. वाहतुकीचे पैसे टनावर. त्यात कारखान्याच्या आवारात काट्यापुढे तासन्‌तास रांग. दिवसात खेपा किती होणार हे त्याच्या हाती नाही, खेपेत किती भरायचे एवढेच त्याच्या हाती आहे. मग तो भरतो. त्याच्या जागी दुसरा कोणीही असता तर हेच करता.

म्हणून उपाय त्या टनाच्या दरातच शोधला पाहिजे. वाहतुकीचा करार होतानाच प्रत्येक वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रातील वजनमर्यादा कारखान्याच्या संगणकात भरावी आणि मर्यादेपलीकडच्या टनांचे वाहतूकभाडे देऊ नये. शेतकऱ्याच्या उसाचा दर मात्र पूर्ण द्यावा. ट्रॉली त्याने भरलेली नसते. न दिलेले भाडे कारखान्याच्या नफ्यात जिरू नये, ट्रॉल्यांना ब्रेक आणि मागचे दिवे बसवण्यासाठी ते वेगळे ठेवावे. काट्यापुढच्या खोळंब्याबद्दल वाहनमालकाला भत्ता मिळावा. रांग लावण्याचा खर्च कारखान्यावर पडू लागला की रांगही आखडेल.

यावर आक्षेप येईल तो खर्चाचा. खेपा वाढतील, डिझेल वाढेल, आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च अखेर उसाच्या बिलातूनच कापला जातो. आक्षेप खोटा नाही. परंतु आजही हा खर्च कोणी तरी सोसतोच आहे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात रस्त्यांची जी प्रसिद्ध चाचणी झाली, तिच्यातून निघालेला ढोबळ नियम असा की रस्त्याची झीज आसावरील भाराच्या चौथ्या घाताने वाढते. आसावर दीडपट भार म्हणजे सुमारे पाचपट झीज, दुप्पट भार म्हणजे सोळापट. ग्रामीण रस्ता दर पावसाळ्यानंतर का उखडतो, याचे सगळे खापर ठेकेदारावर फोडणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करून पाहावा. ती दुरुस्ती ज्यांच्या करांतून होते, त्यांत ज्याच्या शेतात उसाचे एक कांडे नाही तोही आहे. आणि दवाखान्याचे बिल तर कुठल्याच कारखान्याच्या ताळेबंदात येत नाही.

ऊसवाहतुकीचे करार हंगामाच्या काही महिने आधी होतात. सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सभाही हंगामापूर्वीच भरतात. तिथे साखरउताऱ्यावर प्रश्न विचारले जातात, डिस्टिलरीवर विचारले जातात. गेल्या हंगामात मर्यादेपेक्षा अधिक वजनाची किती वाहने आपल्या काट्यावर आली, हा प्रश्न एखाद्या सभासदाने विचारला तर त्याचे उत्तर द्यायला संचालकांना कोणाकडे जावे लागणार नाही. ते त्यांच्याच दफ्तरात आहे.