निवेदनातली ओळ कोणी खोडली? चळवळीनं आपला फेरफार ठेवायला शिकावं

निवेदन_फायनल, निवेदन_फायनल_२, निवेदन_एकदम_फायनल. आपल्यापैकी कोणाचाही मोबाईल उघडा, अशा फायलींची रांग सापडेल. यावर आपण हसतो आणि विषय सोडून देतो. मित्र-मैत्रिणींनो, हा विषय हसून सोडण्यासारखा नाही.

मागच्या वर्षी विठ्ठलवाडी परिसरातल्या एका वस्तीसाठी आम्ही निवेदन तयार केलं. सार्वजनिक शौचालयात रात्री दिवा हवा आणि दाराला आतून कडी हवी, ही मागणी बायकांनी बैठकीत आग्रहानं घालायला लावली होती. पोच म्हणून शिक्का बसलेली प्रत हातात आली, तेव्हा तीच मागणी गायब. मसुदा सात जणांच्या हातून फिरला होता. कोणी काढली, चुकून की ठरवून, काहीच सिद्ध होईना. सातही जण म्हणाले, "मी नाही."

माझं म्हणणं सरळ आहे. मसुद्याचा इतिहास ठेवला नाही, की ज्याचा हात शेवटी लागतो त्याचाच शब्द राहतो. आणि आपल्या संघटनांत तो हात बहुधा लॅपटॉपवाल्याचा, पुरुषाचा, जुन्या पदाधिकाऱ्याचा असतो. समतेच्या गप्पा मारणाऱ्या आपण याला सत्तेचा प्रश्न म्हणणार आहोत की नाही?

खरं तर ही गोष्ट आपल्याला नवी नाही. जमीन आज कोणाच्या नावावर आहे ते सातबारा सांगतो. ती त्या नावावर कशी आली हे कळायला फेरफार काढावा लागतो: नोंदीचा क्रमांक, तारीख, कारण. महार वतनाच्या जमिनींसाठी झगडणाऱ्या घरांना हे पाठ आहे. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गाव वतनं संपली, जमिनींच्या हस्तांतरणावर बंधनं आली, तरी कित्येक जमिनी इतरांच्या नावावर गेल्या. त्या कशा गेल्या हे शोधणारा माणूस सातबाऱ्यावर थांबत नाही, जुने फेरफार धुंडाळतो.

बाबासाहेबांनी हेच केलं. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांच्या अध्यक्षीय भाषणात बदल मागितले. त्यांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली, तेव्हा भाषण त्यांनी स्वतः छापलं आणि मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही त्याला जोडला. १९३७ च्या आवृत्तीत गांधींची टीका आणि तिला दिलेलं उत्तरही आलं. म्हणून कोणी काय बदलायला सांगितलं होतं हे आजही आपल्याला वाचता येतं. संविधानाचंही तसंच. मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या २,४७३ संविधान सभेत प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. कोणी मांडली, काय चर्चा झाली, स्वीकारली की फेटाळली, हे सभेच्या वृत्तांतात नावानिशी आहे.

संगणकावर असा फेरफार ठेवणाऱ्या प्रणालीला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. त्यातलं सर्वाधिक वापरातलं गिट. लिनस टोरवाल्ड्सनं ते २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलं. ते मुक्त आहे, फुकट आहे. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड मोबाईलवर टर्मक्स ॲपमध्येही चालतं. इंटरनेट लागतं ते डाउनलोड करायला आणि एकमेकांना प्रती पाठवायला.

सुरुवात एका बैठकीत होते. आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. गिट कॉन्फिगनं आपलं नाव आणि ईमेल नोंदवा. निवेदनाच्या फोल्डरमध्ये जाऊन गिट इनिट द्या, म्हणजे त्या फोल्डरची वही तयार झाली. बदल केला की गिट ॲडनं तो निवडा आणि गिट कमिटनं कारण लिहून नोंदवा. कारणाची जागा रिकामी सोडली तर गिट नोंद घेत नाही, आणि मला त्याची हीच सवय सर्वांत आवडते. गिट लॉग सगळे फेरफार दाखवतं. गिट डिफ कुठली ओळ गेली, कुठली आली ते दाखवतं. वर्डच्या फाईलमध्ये हे नीट दिसत नाही, म्हणून मसुदा साध्या टेक्स्ट फाईलमध्ये, युनिकोड मराठीत लिहा. प्रत्येक मागणी वेगळ्या ओळीवर.

काही जण म्हणतील, रस्त्यावरची लढाई सोडून हे आयटीवाल्यांचे खेळ कशाला? अहो, रस्त्यावरच्या लढाईतून कार्यालयात काय पोचतं? निवेदनच ना? त्यातली ओळ गळाली तर मोर्चाला आलेली बाई फसते.

धोके मात्र ओळखून ठेवा. अत्याचारग्रस्त कुटुंबांची नावं, पत्ते, फोन नंबर यात कधीही टाकू नका. फाईल पुसली तरी जुन्या नोंदीत ती राहते. गिट नावाची शहानिशाही करत नाही, लिहाल ते नाव मानतं. आणि जुनी नोंद जाणकाराला बदलता येते. यावर उपाय एकच, पूर्ण वही अनेकांकडे असणं. क्लोन केलं की प्रत्येकाकडे सगळ्या इतिहासासह प्रत येते. एकानं आपल्या प्रतीत खाडाखोड केली, तर इतरांच्या प्रतींशी ताडून ती पकडता येते.

म्हणूनच गिट येणारा एकच पोरगा आपल्यात असेल तर काही बदलणार नाही. दप्तर त्याच्या बगलेत आणि तो आपला नवा कुलकर्णी. प्रत्येक गटात किमान तिघांना शिकवा, त्यात दोन मुली असू द्या.

येत्या १४ एप्रिलच्या जयंती समितीपासून सुरुवात करू. वर्गणी, खर्च, ठराव, मिरवणुकीचा मार्ग, दरवर्षी भांडणं यावरच होतात. पहिल्या बैठकीपासून प्रत्येक बदल नाव आणि कारणासह नोंदवा, आणि शेवटच्या बैठकीत गिट लॉग सगळ्यांसमोर वाचून दाखवा. ज्याला शब्द बदलायचा आहे त्यानं खुशाल बदलावा, फक्त आपलं नाव आणि कारण लिहून बदलावा.

जय भीम!