बंडखोर बाईला बदलायची मुभा नाही?

१९८० साली मिलानमधल्या काही मुलींनी एक पंक बँड काढला. नाव 'कांदेज्जीना गँग'. कांदेज्जीना म्हणजे कपडे पांढरेशुभ्र करायचं ब्लीच! गायिका होती जो स्क्विलो. त्या वर्षी ८ मार्चला भर चौकातल्या कार्यक्रमात या मुलींनी लाल रंगवलेले टॅम्पॉन गर्दीत भिरकावले. पाळीबद्दल कुजबुजायचं कशाला, हाच त्यांचा सवाल होता.

तेव्हा इटलीत बलात्कार हा स्त्रीविरुद्धचा नव्हे, तर नीतिमत्तेविरुद्धचा गुन्हा मानला जाई. बलात्काऱ्यानं तिच्याशीच लग्न केलं की तो सुटे! ही सवलत १९८१मध्ये रद्द झाली. बलात्कार हा व्यक्तीविरुद्धचा गुन्हा ठरायला १९९६ उजाडलं.

पुढे जो सिंथेसायझरकडे, नाचाच्या संगीताकडे वळली. १९९१च्या सानरेमो महोत्सवात सब्रिना सालेर्नोबरोबर तिनं 'सियामो दोन्ने' म्हणजे 'आम्ही स्त्रिया' हे गाणं गायलं. नंतर टीव्हीवर फॅशनचा कार्यक्रमही केला. मग ती बाजाराला विकली गेली, असं म्हणायचं का?

फॅशनचा धंदा बाईच्या देहावर चालतो, हे मला नाकारायचं नाही. पण २०१४मध्ये याच जोनं मिलानमध्ये 'वॉल ऑफ डॉल्स' उभी केली. स्त्रियांवरील हिंसेच्या निषेधार्थ भिंतीवर टांगलेल्या बाहुल्या!

मैत्रिणींनो, बंडखोर बाईनं जन्मभर एकाच सुरात ओरडावं, ही अपेक्षाही एक चौकटच आहे. तिचा सूर बदलला का, हे विचारण्यापेक्षा ती गप्प बसली का, हे विचारू या.