विश्लेषण : ऑक्युपेशनल थेरपीचा सहायक शेवगावातच का घडू नये?

अर्धांगवायूच्या झटक्यातून रुग्ण वाचतो, घरी येतो आणि खरी अडचण तिथून सुरू होते. सदऱ्याचे बटण कसे लावायचे? एका हाताने भाकरी कशी थापायची? उसाच्या कोयत्याने बोटे जायबंदी झाली, तर पुन्हा काम कसे धरायचे? शेवगावसारख्या ऊसतोड मजुरांच्या तालुक्यात हे प्रश्न घरोघरचे आहेत. त्यांची उत्तरे देणारी शाखा म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, अर्थात व्यवसायोपचार.

फिजिओथेरपीपेक्षा वेगळे काय?

फिजिओथेरपीचा भर सांधे, स्नायू आणि हालचालींवर असतो. ऑक्युपेशनल थेरपी जेवण, आंघोळ, लेखन, कामधंदा या रोजच्या गोष्टी पुन्हा जमवून देते. सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांनाही तिचा उपयोग होतो.

महाराष्ट्रात ती कधी आली?

मूळच्या अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातील पहिले प्रशिक्षण सुरू केले. पुढे नागपूरला अभ्यासक्रम आला. पदवी अनेक वर्षांची असते, त्यात इंटर्नशिपही येते. मात्र शिक्षण आणि थेरपिस्ट, दोन्ही मोठ्या शहरांतच एकवटले आहेत.

सहायक म्हणजे कोण?

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजमध्ये दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. त्यात १६ आठवडे पूर्णवेळ प्रत्यक्ष काम आणि नंतर राष्ट्रीय परीक्षा. रुग्णाची तपासणी करून उपचार थेरपिस्ट ठरवतो, सराव सहायक करून घेतो. आपल्याकडे अशी रुळलेली वाट नाही. बारावीनंतर एक तर पदवी, नाही तर काहीच नाही.

मग करायचे काय?

२०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात किमान २,००० तासांच्या, दोन ते चार वर्षांच्या पदविकेला जागा आहे. कम्युनिटी कॉलेजची कल्पनाही विद्यापीठ अनुदान आयोगाने आधीच स्वीकारली आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात वर्ग आणि ग्रामीण रुग्णालयात सराव, अशी सांगड घालणे अवघड नाही.

यातून अर्धवट शिकलेले 'डॉक्टर' तयार होतील, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच नोंदणी, कामाची लेखी मर्यादा आणि पदवीधर थेरपिस्टची देखरेख या तीन अटी हव्यातच. थेरपिस्ट आठवड्यातून एकदा येईल, एरवी व्हिडिओ कॉलवर सराव पाहील.

तोवर विद्यार्थ्यांनी काय पाहावे?

'थेरपी डिप्लोमा'ची जाहिरात दिसली, तर फी भरण्याआधी त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, याची राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेकडे खात्री करा. मान्यता नसेल, तर प्रमाणपत्र भिंतीवर राहते, नोकरी मिळत नाही.

सराव रोज लागतो. त्यासाठी मजुरी बुडवून रोज नगर गाठणे कोणालाच परवडत नाही, म्हणून तो मध्येच सुटतो. शिकलेला माणूस गावात असेल, तरच तो टिकेल.