दुसऱ्याच्या ओंजळीने किती काळ?

विजेवर धावणाऱ्या दुचाक्या, रिक्षा आणि बसगाड्या यांचे आता आपल्या शहरांत कोणाला अप्रूप राहिलेले नाही. गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल बाहेरून आणणाऱ्या देशाने विजेकडे वळावे, हे सर्वथा योग्यच आहे. परंतु या समाधानात एक प्रश्न झाकला जाऊ नये. वाहन आपल्या कारखान्यात घडले, वीज आपल्या भूमीवर निर्माण झाली; पण त्या वाहनाचे हृदय, म्हणजे बॅटरी, कोणाची?

बॅटरीचा संच येथे जुळवला जातो हे खरे. मात्र त्यातील लिथियम-आयन सेल बहुतांशी परदेशातून येतात. जगातील अशा बॅटऱ्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक एकट्या चीनमध्ये बनतात. आयात केलेले सेल पेटीत बसवून वर आपले नाव कोरणे म्हणजे स्वदेशी नव्हे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मूलद्रव्यांच्या चुंबकांवर निर्यातबंधने घातली आणि आपल्या वाहन उद्योगाची तारांबळ उडाली. जुलैत त्याने बॅटरीतील काही महत्त्वाची द्रव्ये बनवण्याचे तंत्रज्ञानही नियंत्रणाखाली आणले. तेलासाठी आखाताकडे पाहायचे सोडून बॅटरीसाठी बीजिंगकडे पाहायचे, हे आगीतून उठून फुफाट्यात पडणे होय.

प्रश्न केवळ व्यापाराचा नाही, जीविताचाही आहे. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विद्युत दुचाकी पेटली. त्या उन्हाळ्यात देशात अन्यत्रही अशा घटना घडल्या. त्यानंतर शासनाने बॅटरी-सुरक्षेचे निकष कठोर केले, हे स्वागतार्हच. परंतु चाळीस-पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा, खड्ड्यांचे रस्ते आणि पावसाळ्यात तुंबणारे पाणी सोसणारी बॅटरी परक्याने आपल्यासाठी घडवावी, ही अपेक्षाच भाबडी आहे. लोह-फॉस्फेटचे सेल निकेलच्या सेलपेक्षा उष्णता अधिक सोसतात, परंतु तेवढ्याच वजनात ऊर्जा कमी साठवतात. अशी निवड आपल्या परिस्थितीचा अभ्यास करून आपणच करावयास हवी.

आपल्यात ती क्षमता नाही काय? अंतराळयानांसाठी विकसित केलेले लिथियम-आयन सेलचे तंत्रज्ञान ‘इस्रो’ने २०१८ मध्ये भारतीय उद्योगांना देऊ केले. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या केपीआयटी कंपनीने तेथील ‘आयसर’ संस्थेच्या सहकार्याने सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान पुढे आणले. ही बॅटरी वजनाच्या मानाने ऊर्जा कमी देते. परंतु साध्या मिठात असलेल्या सोडियमसाठी कोणाच्या दारी उभे राहावे लागत नाही. उणीव बुद्धीची नाही, चिकाटीची आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ५० गिगावॅट-तास क्षमतेच्या सेलनिर्मितीसाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. मात्र प्रत्यक्ष काम नियोजित वेळापत्रकाच्या मागे पडले. प्रयोगशाळा आणि कारखाना यांतील ही दरी केवळ अनुदानाने भरून निघणार नाही. त्यासाठी उद्योगपतींनी झटपट नफ्याचा मोह सोडून संशोधनात भांडवल गुंतवले पाहिजे.

समाजाचेही कर्तव्य आहेच. वाहन घेताना त्यातील सेल कोठे बनले, हे ग्राहकाने विचारावे. निकामी बॅटरी भंगारवाल्याकडे न टाकता अधिकृत संकलन केंद्रात द्यावी. तिच्यातील लिथियम, कोबाल्ट आणि निकेल ही उद्याची आपली खाणच आहे. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याची तहान देणाऱ्याच्या मर्जीवर असते. स्वतःची विहीर खणावयाची, तर कुदळ आजच हाती घेतली पाहिजे.