शुद्धी महाग होऊ नये

वल्हांडणाच्या पहिल्या रात्री यहुदी कुटुंबे भोजनास बसतात, तेव्हा हात दोनदा धुतले जातात: प्रथम मिठाच्या पाण्यात पालेभाजी बुडविण्यापूर्वी, आशीर्वचनाविना, आणि पुन्हा बेखमीर भाकर खाण्यापूर्वी, आशीर्वचनासह. मुंबई, ठाणे आणि रायगडकडील बेने इस्राएल समाजही हा सण पाळतो. त्या निमित्ताने, या विधीत वापरल्या जाणाऱ्या दोन कानांच्या मृत्पात्राचे स्मरण करणे उचित ठरेल.

या प्रक्षालनाचा हेतू मळ काढणे हा नव्हे. हात आधीच स्वच्छ असावे लागतात. पाणी भांड्यातून, माणसाने ओतलेले असावे आणि ते निदान दीड अंड्याच्या आकारमानाइतके असावे, असा नियम आहे. दोन कान ही शास्त्राज्ञा नव्हे. धुतलेला हात न धुतलेल्या हाताने ओल्या झालेल्या कानाला लागू नये, म्हणून रूढ झालेली ती सोय आहे. पात्र मात्र अखंड हवे. पाणी झिरपू देणारा तडा चालत नाही. कुंभाराची कसोटी लागते ती येथेच.

परंतु अखंड म्हणजे मौल्यवान नव्हे. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेतील हस्तशुद्धीच्या प्रकरणात दगडाचे, कच्च्या मातीचे, फार काय शेणाचेही भांडे ग्राह्य मानले आहे. दरिद्र्याच्या घरातील पात्राने शुद्धी होते, हाच याचा अर्थ.

बाबिलोनच्या तालमूदमधील एक प्रसंग या संदर्भात मननीय आहे. खमीर लागलेली मडकी वल्हांडणासाठी फोडावीत, असे एक मत होते. साहजिकच नव्या मडक्यांना मागणी येई. तिसऱ्या शतकातील आचार्य श्मुएल यांनी विक्रेत्यांना बजावले, की भाव रास्त ठेवा. अन्यथा जुनी मडकी चालतात, असा सौम्य निर्णय आपण जाहीर करू. लोकांच्या श्रद्धेवर नफा उकळणे त्यांना मान्य नव्हते.

धर्मकृत्य सुंदर वस्तूंनी करावे, ही परंपराही यहुदी धर्मात आहेच. चांदीचे नक्षीदार पात्र कोणी घेतले तर त्यात गैर काही नाही. मात्र ते नसल्याने कोणाला आपला सण उणा वाटू लागला, तर त्यात धर्माचा नव्हे, बाजाराचा विजय होतो. कुंभाराला त्याच्या श्रमाचा रास्त मोबदला मिळावा आणि गरिबाला रास्त दामात पात्र मिळावे, यांत विरोध नाही. सणांचे दिवस आले की भाव चढविणाऱ्या सर्वधर्मीय व्यापाऱ्यांनी श्मुएल यांचा तो इशारा ध्यानी घ्यावा, एवढेच आमचे सांगणे आहे.